जॉर्ज विटेट आणि त्याची मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडचे पाहुणे आले, पुण्याचे मित्र आले, की त्यांना फोर्ट-कुलाबा फिरवायचं काम घरात माझ्याकडे असतं. दरवेळी तेच प्रश्न येतात आणि दरवेळी घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी लिंक पाठवून देणार.

हा विटेट कोण? नाव कधी ऐकलेलं नाही.

नाव ऐकलं नसेल पण त्याच्या बिल्डिंगांमध्ये तुम्ही नक्की जाऊन आलायत. गेटवेसमोर फोटो काढलाय ना? शाळेच्या ट्रिपला म्युझियममध्ये (जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) ममी बघायला रांग लावली होती ना? परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कुणासाठी तरी डबा घेऊन गेलायत? झालं तर मग, या तिन्हींचा आर्किटेक्ट एकच, जॉर्ज विटेट. जन्म १८७८ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉल नावाच्या गावातला. १९०४ ला मुंबईत आला आणि १९२६ ला मुंबईतच वारला. मधली जेमतेम बावीस वर्षं, आणि तेवढ्यात त्यानं या शहराचं जे करून ठेवलंय ते आजही पोस्टकार्डावर छापलं जातं.

स्कॉटलंडचा पोरगा मुंबईत कसा काय आला?

नोकरीसाठी, दुसरं काय. आधी तिकडेच पर्थमध्ये एका आर्किटेक्टच्या हाताखाली उमेदवारी केली, मग एडिंबरा आणि यॉर्कमध्ये काम केलं, आणि पंचविशीत इकडे आला जॉन बेग या साहेबाचा असिस्टंट म्हणून. बेग तेव्हा मुंबई सरकारचा कन्सल्टिंग आर्किटेक्ट होता, म्हणजे सरकारला कुठलीही मोठी इमारत बांधायची तर नकाशा याच्या टेबलावरून जाणार. पुढे बेगला बढती मिळून तो हिंदुस्थान सरकारचा कन्सल्टिंग आर्किटेक्ट झाला आणि मुंबईची खुर्ची विटेटला मिळाली, तेव्हा तो तिशीच्या आसपासच होता. आजच्या हिशेबानं बघा, तिशीतला आर्किटेक्ट अजून दुसऱ्याच्या ऑफिसात टॉयलेटच्या टाइल्सचं ड्रॉइंग करत असतो.

सीएसएमटी, बीएमसीची बिल्डिंग, राजाबाई टॉवर हे पण त्याचंच का?

नाही. हा घोळ सगळ्यांचा होतो. सीएसएमटी आणि पालिकेची बिल्डिंग एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची, ती विटेट यायच्या आधीच उभी होती. राजाबाई टॉवर गिल्बर्ट स्कॉटचा, जो स्वतः कधी हिंदुस्थानात आलाच नाही, लंडनमधून नकाशे पाठवले. हायकोर्ट कर्नल फुलरचं. हे सगळे व्हिक्टोरियन गॉथिकवाले, टोकदार कळस, दगडी माकडं-पोपट, रंगीत काचा असला कारभार. विटेट त्यांच्यानंतरच्या पिढीचा, इंडो-सारासेनिकवाला.

आणि ताज हॉटेल?

तेही नाही. ताज १९०३ चं, गेटवेपेक्षा वीस वर्षांनी मोठं. त्याच्यावर पहिलं काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या आपल्याकडच्याच मंडळींनी केलं आणि शेवटी चेंबर्स नावाच्या इंग्रजानं ते पुरं केलं. वैद्यांचं नाव कुणी घेत नाही म्हणून मी दरवेळी मुद्दाम घेतो. आणि हो, ते ताज उलटं बांधलं गेलं म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला वगैरे जी स्टोरी टॅक्सीवाले सांगतात ती शुद्ध लोणकढी थाप आहे.

इंडो-सारासेनिक म्हणजे काय, सोप्या भाषेत?

सोप्या भाषेत म्हणजे हाडं विलायती आणि कपडे देशी. आतला प्लॅन, ऑफिसांची मांडणी, जिने, लोखंड-काँक्रीट हे सगळं युरोपियन पद्धतीचं, आणि बाहेरून घुमट, महिरपी, छज्जे, दगडी जाळ्या. हे काय विटेटनं शोधलं नाही, त्याच्या आधी मद्रासकडे वगैरे बरंच होऊन गेलं होतं, बेगही त्याच वाटेचा होता. सीएसएमटीजवळचं जीपीओ, म्हणजे मोठं पोस्ट ऑफिस बघा, १९१३ ला पुरं झालं, ते बेगचं आणि विटेट तेव्हा त्याचा असिस्टंट. त्याच्यावरचा घुमट कुठून आला? विजापूरच्या गोल घुमटावरून.

आता इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तेव्हाचा मुंबई इलाखा म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. विजापूर त्याच्यात होतं, अहमदाबाद त्याच्यात होतं, सिंध-कराचीसुद्धा त्याच्यातच. म्हणजे विटेट विजापूरचा घुमट आणि गुजराती कमान उचलतो तेव्हा तो कुठूनतरी लांबून नक्षी चोरून आणत नाही, तो आपल्याच कामाच्या हद्दीतलं जुनं बांधकाम बघतोय आणि त्यातलं घेतोय. इतर ठिकाणी इंडो-सारासेनिक म्हणजे केकवर आयसिंग लावल्यासारखं दिसतं, दिसेल तो घुमट ठेव, दिसेल ती मिनार ठेव. विटेटचं तसं होत नाही, निदान म्युझियममध्ये तरी नाही.

म्युझियमबद्दल जरा सविस्तर सांगा.

हे माझं आवडतं, त्यामुळे उत्तर लांबणार.

१९०५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला, त्याच्या भेटीची आठवण म्हणून शहरातल्या प्रतिष्ठितांनी म्युझियम काढायचं ठरवलं आणि ११ नोव्हेंबरला त्याच्याच हातून कोनशिला बसवून घेतली. कोनशिला बसली पण बिल्डिंगचा पत्ता नाही, नकाशासुद्धा नाही. आपल्याकडे नारळ आधी फुटतो आणि टेंडर नंतर निघतं ही परंपरा किती जुनी आहे बघा. १९०९ मध्ये खुली स्पर्धा घेतली आणि त्यात विटेटचं डिझाइन निवडलं गेलं. पैसे सरकारनं दिले तसे लोकांनीही दिले, सर करीमभाई इब्राहिम यांनी एकट्यानं तीन लाख दिले होते, त्या काळचे तीन लाख.

बिल्डिंग १९१४ पर्यंत झाली आणि नेमकं पहिलं महायुद्ध सुरू झालं, मग म्युझियमचं झालं मिलिटरी हॉस्पिटल. ज्या हॉलमध्ये आज मूर्ती आहेत तिथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. म्युझियम म्हणून दार उघडलं ते १० जानेवारी १९२२ ला. म्हणजे कोनशिलेपासून सोळा वर्षांनी.

बांधकाम दोन दगडांचं, कुर्ल्याचा निळसर काळा पाषाण आणि मालाडचा पिवळट दगड. कुर्ला, मालाड ही आता आपल्यासाठी स्टेशनं आहेत, पण तेव्हा तिथल्या खाणींमधून मुंबईतल्या अर्ध्या इमारती निघाल्या. मधल्या हॉलमध्ये उभं राहून मान वर करा. एकमेकांना छेदणाऱ्या कमानी दिसतील, त्या चौकोनातून गोलाकडे घेऊन जातात आणि त्यांच्यावर घुमट बसतो. हीच युक्ती गोल घुमटात आहे, आठ कमानी एकमेकींत अडकवून वरचा ४४ मीटर रुंद घुमट पेललाय. विटेटनं तो लहान केला, पण नुसती आकाराची कॉपी मारली नाही, तो उभा कसा राहतो ते समजून घेऊन केलाय.

म्युझियममध्ये म्हणे नाशिकच्या वाड्याचं लाकूड आहे?

आहे, आणि हे ज्याला दाखवतो तो गप्पच होतो. नाशिककडच्या एका जुन्या वाड्यातला नक्षीचा लाकडी कमानींचा चौक विटेटनं विकत घेतला आणि पहिल्या मजल्यावर मधल्या हॉलभोवती गोलाकार बसवून टाकला. खालून बघितलं तर वाटतं की इथेच घडवलाय. वर जा आणि जवळून बघा, खांबाचा घाट, महिरपीचा वळसा, सगळा आपल्या पेशवाई वाड्यांचा थाट, फक्त समोर तुळशीवृंदावन नाही आणि झोपाळा नाही. माझी आजी एकदा सोबत होती, ती मूर्ती-बिर्ती सोडून त्या लाकडापाशीच उभी राहिली आणि हाताच्या मागच्या बाजूनं कठड्यावर टकटक करून म्हणाली, साग आहे रे, चांगला जुना साग. गार्ड आला आणि हात लावू नका म्हणाला, तेव्हा ती म्हणाली की आमच्याकडे असल्या खांबाला म्हैस बांधायचे.

वाडा मोडून लाकूड विकलं जाणं तेव्हाही चालू होतं, आजही चालू आहे. एका परदेशी माणसानं ते उचलून म्युझियममध्ये लावलं म्हणून वाचलं, की लावायला मिळालं म्हणून विकलं गेलं, यावर आमच्या घरी एकदा चहा थंड होईपर्यंत वाद झालाय.

गेटवे राजाच्या स्वागतासाठी बांधलं होतं ना?

राजा आला तेव्हा गेटवे नव्हतंच! पंचम जॉर्ज आणि क्वीन मेरी अपोलो बंदरावर उतरले २ डिसेंबर १९११ ला, पुढे दिल्ली दरबाराला जायचं होतं. त्यांना दिसलं ते पुठ्ठ्याचं मॉडेल. विटेटच्या फायनल डिझाइनला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये, मग समुद्रात भराव घालायचं काम काही वर्षं चाललं, मग बांधकाम, आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगच्या हस्ते. म्हणजे राजा येऊन गेल्याला तेरा वर्षं होऊन गेली तेव्हा त्याच्या स्वागताची कमान तयार झाली. लग्न होऊन पोरं शाळेत गेली आणि मग मांडव उभा केला असं.

गंमत म्हणजे १९०५ ला म्युझियमची कोनशिला बसवणारा युवराज आणि १९११ ला बंदरावर उतरलेला राजा हा एकच माणूस, तेव्हा युवराज होता आणि आता राजा झालेला. त्याच्या दोन फेऱ्यांनी विटेटला दोन मोठ्या ऑर्डरी दिल्या. आणि त्याचा बाप एडवर्ड सातवा, त्याच्या नावानं केईएम. अख्ख्या खानदानाचा घरगुती आर्किटेक्ट म्हणा ना.

गेटवेची माहिती द्या, उंची-खर्च वगैरे. पोराचा प्रोजेक्ट आहे.

घ्या लिहून. उंची साधारण २६ मीटर, मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, खर्च २१ लाख रुपयांच्या घरात. दगड पिवळसर बेसॉल्ट, इथलाच, आणि त्याच्या जोडीला आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट, हो, गेटवेत आरसीसी आहे, शंभर वर्षांपूर्वीचं. दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या. नमुना सोळाव्या शतकातल्या गुजराती इमारतींचा, आणि त्याला जोड रोमन विजय-कमानीच्या कल्पनेची. दोन्ही बाजूंना मोठे हॉल आहेत, कुणी बडा पाहुणा उतरला तर स्वागताचे लोक तिथे मावावेत म्हणून. २१ लाखांपैकी बहुतेक पैसा हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून गेला, म्हणजे तुमच्या-आमच्या पणजोबांनी भरलेल्या साऱ्यातून. प्रोजेक्टमध्ये हे शेवटचं वाक्य पण घाला, बाई खूश होतील.

गेटवे रस्त्याच्या सरळ रेषेत का नाही? फोटोत नेहमी तिरकं येतं.

शाब्बास, हा प्रश्न शंभरातला एक जण विचारतो. त्याच्यासमोर एक भव्य रस्ता काढायचा बेत होता, कमानीतून निघून थेट शहरात जाणारा. पैसे संपले. रस्ता झालाच नाही. त्यामुळे गेटवे समुद्राकडे तोंड करून ऐटीत उभं आहे आणि मागचा जुना रस्ता त्याला तिरका येऊन भिडतो. एकदा हे कळलं की दरवेळी तेच दिसतं, मी तर आता गेटवेकडे बघितलं की आधी तो कोनच बघतो. बाकी १९६१ ला समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला आणि त्या मोकळ्या जागेला एक अर्थ आला, नाहीतर ती कमान आणि शहर यांचं आपसात काही बोलणंच नव्हतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर गेटवे हे विटेटचं सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात बिनकामाचं काम आहे. दार आहे पण भिंत नाही, स्वागत आहे पण पाहुणा येऊन गेलेला. त्याचा खरा उपयोग एकदाच झाला असं मी म्हणेन, २८ फेब्रुवारी १९४८ ला, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची इंग्रज पलटण याच कमानीतून बाहेर पडून बोटीत बसली. यायला बांधलेलं दार जायला कामी आलं. आता ते मांडव्याची लाँच पकडणाऱ्यांना, भेळ खाणाऱ्यांना आणि पाच मिनिटांत फोटो देतो म्हणणाऱ्या फोटोवाल्यांना कामी येतं, ते पण बरंच आहे.

मग त्याचं सगळ्यात चांगलं काम कोणतं?

केईएम. सुंदर म्युझियमच, पण चांगलं म्हणजे जे काम करतंय ते, आणि केईएम १९२६ पासून एक दिवस न थांबता काम करतंय. परळच्या गिरणगावात, कामगार राहतात तिथे, हॉस्पिटल आणि त्याला चिकटून सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. या कॉलेजची देणगी देणाऱ्यांनी एक अट घातली होती, की शिकवणारे सगळे हिंदुस्थानी डॉक्टर असले पाहिजेत आणि ते सरकारी नोकरीतले नसले पाहिजेत. कारण तेव्हा मेडिकलमधल्या वरच्या जागा गोऱ्यांनाच मिळायच्या. म्हणजे गोऱ्यांना बाहेर ठेवायचं म्हणून काढलेलं कॉलेज, इंग्रज राजाच्या नावाच्या हॉस्पिटलला जोडलेलं, आणि नकाशा काढणारा स्कॉटिश. मुंबईत असलं काहीही होऊ शकतं.

माझा मामा तिथे तीन आठवडे अ‍ॅडमिट होता तेव्हा रात्री व्हरांड्यात चटई टाकून झोपायचो. पंखा लांब होता, पण वारा यायचा. तेव्हा मला विटेट वगैरे काही माहीत नव्हतं, फक्त एवढं कळत होतं की छत उंच आहे आणि आरपार हवा खेळतेय. मे महिन्यात, बाजूला अजून चाळीस नातेवाईक घोरत असताना, हे कळणं म्हणजे पुष्कळ झालं. वाडिया मॅटर्निटी पण त्याचंच आहे, तिथे जन्मलेले माझ्या ओळखीत चिक्कार निघतील.

अजून कुठल्या इमारती?

रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्युझियमच्या समोरच, १९११ ते १९२० मध्ये बांधलेलं. पैसे कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहिम, वसनजी मुळजी यांचे, म्हणजे एक पारशी, एक ज्यू, एक मुसलमान, एक हिंदू, यादी बघितली तरी जुनी मुंबई डोळ्यासमोर येते. इथे विटेटनं घुमट-महिरपी सोडून सरळ युरोपियन क्लासिकल पद्धत धरली आणि बिल्डिंग चौकाच्या वळणाला धरून वाकवली. टोकाचा कावसजी जहांगीर हॉल १९९६ पासून नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे.

धोबीतलावचं स्मॉल कॉजेस कोर्ट त्याचंच. भाडेकरू-घरमालकांच्या केसेस जिथे पिढ्यान्पिढ्या चालतात ते. बॅलार्ड इस्टेटमधल्या बऱ्याच इमारती त्याच्या, ग्रँड हॉटेल धरून. ती अख्खी वसाहत डॉक खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर उभी आहे, आणि तिथे रविवारी गेलात तर रस्त्यात चिटपाखरू नसतं, लंडन असल्यासारखं वाटतं म्हणतात, मी लंडन बघितलेलं नाही. आणि बॉम्बे हाऊस, टाटांचं हेडऑफिस, १९२४ चं, मालाड दगडाचं. बाहेरून अगदी साधं. त्याची ख्याती हल्ली आर्किटेक्टपेक्षा रिसेप्शनला पसरलेल्या भटक्या कुत्र्यांमुळे जास्त आहे, २०१८ च्या रिनोव्हेशनमध्ये त्यांना वेगळी खोलीच काढून दिली.

मुंबईबाहेर काही?

पुण्यातलं कृषी महाविद्यालय, शिवाजीनगरचं, त्याची घुमटवाली मुख्य इमारत विटेटची, १९११ ची. पुणेकर रोज समोरून जातात आणि तुमच्या मुंबईत काय आहे ते बोला म्हणतात. दुसरं म्हणजे कराची पोर्ट ट्रस्टची इमारत, १९१६ मध्ये उघडली, फोटो बघा, पांढरा घुमट आणि वळलेली बाजू, बघितल्याबरोबर कळतं की हात कुणाचा आहे. तीही युद्धात मिलिटरी हॉस्पिटल झाली होती. या माणसानं ऑफिस बांधो नाहीतर म्युझियम, त्याचं हॉस्पिटलच व्हायचं.

सरकारी नोकरी का सोडली?

१९१९ च्या सुमाराला तो टाटांच्या इंजिनियरिंग कंपनीत गेला, आर्किटेक्चरचा प्रमुख म्हणून. युद्ध संपलं होतं, सरकारकडे पैसा नव्हता, आणि पैसा होता गिरण्या आणि उद्योगवाल्यांकडे, म्हणजे बांधकाम तिकडे सरकलं आणि आर्किटेक्ट त्याच्या मागे गेला. सरळ हिशेब आहे. बॉम्बे हाऊस त्याच काळातलं.

त्यानं कुणाला शिकवलं का, मागे शिष्य वगैरे?

जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आर्किटेक्चरच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये आपली एक संघटना काढली, विटेट तिचा पहिला अध्यक्ष. तीच संघटना नाव बदलत बदलत १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली, आज देशभर आहे. त्याच्या बिल्डिंगांइतकंच मला हे मोठं वाटतं, कारण यातून पुढे इथल्या आर्किटेक्टांची स्वतःची जमात तयार झाली, जिनं तीसच्या दशकात मरीन ड्राइव्हला आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे सरळ रेषा आणि गोल कोपऱ्यांची नवी स्टाइल, उभं केलं आणि घुमट-बिमट सगळं मोडीत काढलं. म्हणजे ज्यांचा तो अध्यक्ष झाला त्यांच्याच पुढच्या फळीनं त्याची स्टाइल जुनी ठरवली.

तो गेला कसा?

आमांशानं. १९२६ च्या सप्टेंबरात, इथेच, सत्तेचाळिसाव्या वर्षी. शिवडीच्या ख्रिश्चन कब्रस्तानात त्याला पुरलंय. केईएम त्याच वर्षी सुरू झालं, आणि हॉस्पिटलं बांधणारा माणूस पोट बिघडून गेला, आता काय बोलणार. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच, मुंबईतलं पाणी गोरा-काळा बघत नव्हतं.

इंग्रजांच्या बिल्डिंगांचं एवढं कौतुक कशाला? गुलामीच्या खुणा आहेत त्या.

हा प्रश्न दरवेळी एक काका विचारतातच आणि प्रश्न चुकीचा नाहीये. गेटवेवर आजही राजाराणीच्या आगमनाचा मजकूर कोरलेला आहे, ते सत्ता दाखवायलाच बांधलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. देशी घुमट लावण्यामागेही एक राजकारण होतं, आम्ही मोगलांचे, आदिलशाहीचे वारस आहोत, आम्हाला इथलं समजतं, असं दाखवायचं होतं. विटेट त्या यंत्रणेचा पगारी नोकर होता, संत नव्हता.

पण काका, दगड कुर्ल्याचा, घडवणारे पाथरवट इथले, पैसा सेठ लोकांचा आणि करदात्यांचा, घुमटाची अक्कल विजापूरची, लाकूड नाशिकचं. एवढं सगळं आपलं असताना फक्त नकाशावर सही त्याची आहे म्हणून ती बिल्डिंग त्याला देऊन टाकायची? मी तर देणार नाही. आणि पाथरवटांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत, राग यायचा तर त्याचा यावा. काकांना हे पटत नाही, ते म्हणतात तू फार वाचतोस.

म्युझियमचं नाव बदललं त्याचं काय?

१९९८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. टॅक्सीवाल्याला म्युझियम म्हणा, तो रीगल सिनेमाला सोडतो.

गेटवेला तडे गेलेत म्हणे, खरं आहे का?

२०२३ च्या पाहणीत दर्शनी भागावर काही तडे आणि ठिकठिकाणी उगवलेली झाडं सापडली होती, एकंदर इमारत मात्र चांगल्या स्थितीत आहे असं सांगितलं गेलं. राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे तिची देखभाल आहे, आणि दुरुस्तीसाठी जवळजवळ नऊ कोटींचा प्रस्ताव मंजूर झाला. त्याआधी मे २०२१ च्या तौक्ते वादळात समोरचा संरक्षक कठडा तुटला, फरशा उखडल्या, समुद्रानं आपणच टाकलेला कचरा ट्रकभर परत आणून दिला, पण कमान ढिम्म उभी होती. खरा त्रास दगडाच्या सांध्यात रुजणाऱ्या पिंपळाचा असतो. बोटाएवढं रोप दिसतं, पण मुळं आत हातभर गेलेली असतात, वरून उपटून काही होत नाही.

एका दिवसात विटेट बघायचा तर कसं जायचं?

सकाळी लवकर जीपीओपासून सुरुवात करा, म्हणजे बेग आधी बघून होईल. तिथून चालत बॅलार्ड इस्टेट, मग बॉम्बे हाऊस बाहेरूनच, मग काळा घोडा करून म्युझियम. म्युझियमला कमीत कमी दोन तास, आणि पहिला मजला चुकवू नका, लाकडासाठी. समोर सायन्स इन्स्टिट्यूटचं वळण फूटपाथवरून बघा. गेटवे सगळ्यात शेवटी ठेवा आणि जमिनीवरून बघून लगेच परत फिरू नका, ती वस्तू पाण्यावरून बघायसाठी केलेली आहे. हार्बरची फेरी मारणारी छोटी बोट मिळते, नाहीतर दुसऱ्या दिवशी घारापुरीची लाँच धरा आणि परतताना पुढच्या बाजूला बसा. लाँच वळली की ताज बाजूला सरकतं आणि कमान एकदम समोर येते, आणि तेव्हा ती तिरकी दिसत नाही. फक्त सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.

शिवडीचं कब्रस्तान या फेरीत बसत नाही, त्याला वेगळा दिवस काढा आणि पावसाळा सोडून जा, गवत गुडघ्याएवढं असतं.